पटावरची राज्ये आणि नियमांची दुरुस्ती

खेळाचे नियम एकाने करावेत आणि बाकीच्यांनी ते निमूटपणे पाळावेत, अशी रीत पटावरच्या खेळांत कधीच नव्हती. बुद्धिबळातील वजीर हे मुळात तिरप्या रेषेत एकच घर चालणारे दुबळे मोहरे होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील खेळाडूंनी त्याला आजचे बळ दिले. इकडे आपल्या देशी पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती. राजाला मात्र शह लागण्यापूर्वी एकदा घोड्याची चाल करता येई. या फेरफारांचा कर्ता कोणी एक नव्हे. खेळणाऱ्यांनी खेळता खेळता सुचवले, इतरांना पटले आणि ते रूढ झाले.

हीच परंपरा गेल्या काही दशकांत संगणकावरील राज्यविस्ताराच्या खेळांत नव्याने अवतरली आहे. घरातील तरुण मंडळी या खेळांत रमलेली पाहून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. तो वाद आम्ही बाजूला ठेवतो. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी या खेळांकडे का पाहावे, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

या कुळातील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’. या नावाचा पटावरचा खेळ इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ट्रेशॅम यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केला होता. संगणकावरील याच नावाचा खेळ अमेरिकेत सिड मायर व ब्रूस शेली यांनी 1991 मध्ये सिद्ध केला. खेळाडूने इ.स.पू. 4000 मध्ये एक वसाहत स्थापावी आणि शेती, लेखन, धातुविद्या असे टप्पे ओलांडत अवकाशयुगापर्यंत पोहोचावे, अशी त्याची रचना होती. ‘अमुक विद्या अवगत झाल्याशिवाय तमुक विद्या मिळणार नाही’ हा त्यातील नियम म्हणजे वस्तुतः मानवी प्रगतीविषयीचा एक सिद्धान्तच होय. खेळणाऱ्याला तो सिद्धान्त म्हणून दिसत नाही. निसर्गक्रम म्हणून दिसतो. या खेळांचे सामर्थ्य तेथे आहे, आणि धोकाही तेथेच आहे.

1996 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट घडली. खेळाचे बरेचसे नियम साध्या मजकुराच्या धारिकेत ठेवलेले होते. कोणीही ती उघडावी, सैन्याचे बळ किंवा इमारतीची किंमत बदलावी आणि आपल्या मताप्रमाणे खेळ चालवून पाहावा. अशा फेरफाराला तरुण मंडळी ‘मॉड’ म्हणतात. त्याच सुमारास डेन्मार्कमधील आर्हुस येथील तीन विद्यार्थ्यांनी याच धर्तीवर ‘फ्रीसिव्ह’ नावाचा खेळ रचून त्याची संपूर्ण संहिता सर्वांस खुली केली. 2001 च्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी तर चाहत्यांनी आपल्या सूचना विषयवार संकलित करून निर्मात्यांकडे धाडल्या. पुढे 2010 च्या पाचव्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार झालेले जॉन शेफर हेही आरंभी असे फेरफार करणारे एक चाहतेच होते.

या साऱ्या दुरुस्त्यांत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती गाब्रिएले त्रोवातो या इटालियन खेळाडूची. 2005 मधील चौथ्या आवृत्तीची घडण फेरफारांस विशेष अनुकूल होती. तिच्या आधारे त्यांनी जगाच्या खऱ्या नकाशावर एक निराळाच खेळ उभा केला, आणि 2007 च्या पुरवणीत निर्मात्यांनी तो अधिकृतपणे समाविष्ट केला. मूळ खेळात सगळी राष्ट्रे एकाच दिवशी जन्मतात आणि जो वाढतो तो वाढतच जातो. त्रोवातो यांच्या खेळात प्रत्येक राष्ट्र आपापल्या काळी उदयास येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी ‘स्थैर्य’ हे नवे माप आणले. झेपेपलीकडे मुलूख जिंकला, अर्थव्यवस्था खालावली, की स्थैर्य ढळते आणि बलाढ्य साम्राज्याची शकले होतात. शिवाय प्रत्येक राष्ट्राला त्याच्या इतिहासाला साजेशी तीन उद्दिष्टे नेमून दिली. विजय म्हणजे केवळ विस्तार नव्हे, हा विचार एका चाहत्याने नियमाच्या रूपाने मांडला. साम्राज्ये का कोसळतात या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारे पुष्कळ आहेत. येथे एकाने आपले उत्तर इतरांना चालवून पाहण्यासाठी खुले केले.

आता आपल्या घराकडे वळू. 2009 मध्ये ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा ब्रिटिश खेळ आला, आणि त्यात मराठ्यांना स्वतंत्र सत्ता म्हणून स्थान मिळाले. जगभरच्या खेळाडूंना मराठ्यांच्या बाजूने डाव मांडता येऊ लागला, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु त्या खेळाचा आरंभ आहे 1700 चा, आणि सत्तेला नाव आहे मराठा मंडळ, म्हणजे संघराज्य. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले आणि ताराबाईंनी राज्याची धुरा खांद्यावर घेतली. ज्याला आपण मराठा मंडळ म्हणतो ते पुढच्या काही दशकांतले. गुजरातेत गायकवाड आणि माळव्यात शिंदे, होळकर व पवार स्थिरावले, आणि त्यांच्यामागोमाग आपली घराणी नर्मदेच्या पलीकडे गेली, तेव्हा त्याला आकार आला.

ही केवळ नावाची चूक नव्हे. अशा खेळांच्या पटावर साधारणतः एका मुलखाला एकच धनी असतो आणि एका राज्याला एकच मेंदू असतो. आपला इतिहास या दोन्ही गृहीतकांत बसत नाही. चौथाई म्हणजे दुसऱ्याच्या अमलाखालील मुलखाच्या महसुलातील चौथा हिस्सा; म्हणजे एकाच गावावर एकाच वेळी दोन सत्तांचा हक्क. महादजी शिंद्यांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. 1782 च्या सालबाईच्या तहात ते इंग्रज आणि पुणे दरबार यांच्यात मध्यस्थ होते आणि तहाचे जामीनही. पेशव्यांचा सरदार पेशव्यांच्याच तहाला जामीन राहतो, हे कोणत्या नियमात बसवावयाचे?

सूचना करावयाची तर ती येथे करावी, असे आम्हांस वाटते. एका घरावर दोघांचा अंश ठेवता यावा. सरदाराला सरंजाम दिला की धन्याची फौज वाढावी, पण तो जितका दूर जाईल तितकी त्याची स्वतंत्र बुद्धीही वाढावी. त्याची निष्ठा केवळ द्रव्यावर नव्हे, तर धन्याच्या दरबारातील ऐक्यावर अवलंबून असावी. या तीन नियमांनी एखादा डाव चालवला, तर अठराव्या शतकात मराठी सत्ता इतक्या वेगाने का पसरली आणि तिला एकमुखी निर्णय का अवघड गेले, हे दोन्ही एकाच कारणातून उलगडताना दिसेल.

अशा सूचनांचे दोन प्रकार असतात. ‘आमच्या घोडदळाचे बळ दुप्पट करा’ ही अभिमानाची सूचना. तिने खेळणारा सुखावतो, पण त्याच्या हाती काही लागत नाही. ‘आमच्या घोडदळाला वेग द्या, पण तोफखान्यापुढे आणि पावसाळ्यात त्याचे बळ घटवा’ ही अभ्यासाची सूचना. ती करावयाची तर दप्तरे चाळावी लागतात, कार्यकारणभाव लावावा लागतो आणि स्वतःच्या पूर्वजांचे दोषही आकड्यांत मांडावे लागतात.

आपल्या बहुतेक जुन्या घरांत कागदपत्रांचे एखादे गाठोडे असतेच. मोडी वाचणारे हात कमी होत चालले, याची खंत आपण मंडळाच्या सभांतून वर्षानुवर्षे व्यक्त करीत आलो आहोत. संगणकावर नियम लिहिणारे हात मात्र त्याच घरांत वाढत आहेत. चौथाई कशी आकारली जाई, सरंजामाच्या अटी काय असत, हे नातवाला नियम लिहिण्यासाठी विचारावे लागेल. आणि उत्तर देण्यासाठी आजोबांना गाठोडे सोडावे लागेल. आपण ते सोडले नाही, तर आपल्या पूर्वजांच्या राज्याचे नियम दूर कोठेतरी दुसरेच कोणी लिहील, आणि आपली मुले तेच खरे मानून खेळतील.