खिळ्यांच्या खोलीत

बाह्या कोपरापर्यंत सरकवा आणि आत या. साल १८८६. मुंबईच्या काळबादेवीची गर्दी, ट्रामच्या घोड्यांच्या टापा, हमालांची आरडाओरड मागे राहिली. तुम्ही निर्णयसागर छापखान्यात आहात. आधी नाकात शिरतो तो शाईचा वास, उकळलेल्या जवसाच्या तेलाचा आणि काजळीचा. त्यात ओल्या कागदाचा दर्प मिसळलेला. ओलसर कागदावर अक्षर छान उठतं, म्हणून गठ्ठे भिजवून वजनाखाली ठेवलेत.

शेजारच्या खोलीत जरा जपून. इथे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओततात. इथले ठसे कोरणारे कारागीर राणोजी रावजी आरू यांनी पोलादाच्या टोकावर उलटं अक्षर कोरलं, तो झाला ठसा. ठसा तांब्यावर ठोकला की उमटते ती मातृका. मातृका साच्यात बसवायची आणि वर वितळलेलं शिसं ओतायचं. भट्टीच्या झळेनं तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. हा घ्या ताजा खिळा, अजून चटका बसतोय ना?

आता खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या रांगेत उभे राहा. समोर उतरत्या फळीवर खणच खण. अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार, प्रत्येकाचं घर वेगळं. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी पट्टी, धरा, उजव्या हातानं खिळे उचला. अक्षर उलटं बसवायचं, शिरोरेघ तुमच्या पोटाकडे. दोन खिळ्यांमध्ये केसभर फट राहिली तरी रेघ तुटेल. शेजारचा जुळारी मजकुरावरून नजर न हलवता खिळे टिपतोय. कुठल्या खणात काय, ते त्याची बोटंच जाणतात. टिक, टिक, टिक. तुमची एक ओळ होईस्तोवर त्याचं अर्धं पान भरलं. लाजू नका. या छापखान्याचे मालक जावजी दादाजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात खिळे घासायचे.

पानं लोखंडी चौकटीत आवळली, लाकडी पाचरी ठोकल्या, फर्मा तयार झाला. उचला! कंबर मोडली ना? कालिदास असा हातांनी उचलला म्हणजे कळतं, ग्रंथाला वजन असतं. रूळ फिरवा, कागद पसरा, दांडा जोर लावून ओढा. हे पहिलं प्रूफ. प्रुफं तपासणारे शास्त्रीबुवा ते हातात घेतात आणि तुमच्या पहिल्याच ओळीतला राहिलेला अनुस्वार दाखवतात. पाचरी सैल करा, चिमट्यानं अनुस्वार घाला, पुन्हा आवळा.

फर्मा छापून झाला की धुवायचा, उकलायचा, खिळा न् खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. सगळा ग्रंथ उभा ठेवायला इतके खिळे आणायचे कुठून? 'काव्यमाला' या इथल्या संस्कृत ग्रंथमालेतला हाच 'क' उद्या पंचांगात कार्तिक लिहायला धावेल. एका पोथीची अक्षरं दुसरीला वाढवून ही माणसं घरोघरी ग्रंथ पोचवतात. चला, हात चालवा. पुढच्या फर्म्याला 'क' कमी पडतायत.