डब्यावरची चिठ्ठी : सॉफ्टवेअरच्या घटकांचा ‘मेटाडेटा’

स्वयंपाकघरातील डबे ओळखण्याच्या पद्धती घराघरांत निराळ्या असतात. कुठे प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते. कुठे कोणत्या फळीवरच्या कितव्या डब्यात काय आहे, हे वहीत लिहून ठेवलेले असते. आणि कुठे चिठ्ठीही नसते, वहीही नसते. उभट डब्यात साखर आणि बसक्या डब्यात मीठ, हा घरातील सर्वांना ठाऊक असलेला संकेत असतो. वहीतील नोंद डब्यांची अदलाबदल होताच खोटी ठरते. संकेत नव्या सुनेला किंवा पाहुण्याला ठाऊक नसतो. चिठ्ठी त्या मानाने भरवशाची, कारण डबा जिथे जाईल तिथे ती जाते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी गेल्या तीन दशकांत या तिन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत, आणि प्रत्येकीची किंमतही मोजली आहे.

‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ पद्धतीत प्रोग्रॅम हा ‘ऑब्जेक्ट’चा बनलेला असतो. बँकेतील खाते हे एक ऑब्जेक्ट मानले, तर शिल्लक ही त्याची माहिती आणि पैसे भरणे वा काढणे या त्याच्या क्रिया. अशा सर्व खात्यांचा जो साचा, तो ‘क्लास’. एखादा क्लास दुसऱ्याने त्याच्या आत न डोकावता वापरावा, म्हणून सुट्या भागासारखा बांधून दिला की तो ‘कॉम्पोनंट’, म्हणजे घटक झाला. आता हा घटक वापरणाऱ्याला काही प्रश्न पडतात. याचे कोणते गुणधर्म बदलता येतात? यातील कोणती माहिती डेटाबेसमध्ये साठवायची? ही क्रिया करण्यापूर्वी वापरकर्त्याची ओळख पटवणे आवश्यक आहे काय? या प्रश्नांची उत्तरे क्रियांच्या आज्ञांमध्ये मिळत नाहीत. ती घटकाविषयीची माहिती आहे. तिलाच ‘मेटाडेटा’ म्हणतात. बहुतेक वेळा तिचा वाचक माणूस नसून दुसरा एखादा प्रोग्रॅमच असतो.

वहीची पद्धत मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉम’ या तंत्रात ठळकपणे दिसली. १९९३ साली आलेल्या या तंत्रात प्रत्येक घटकाला एक लांबलचक क्रमांक असे आणि तो घटक डिस्कवर कुठे आहे, याची नोंद विंडोजच्या ‘रजिस्ट्री’त ठेवली जाई. एखाद्या नव्या प्रोग्रॅमच्या स्थापनेबरोबर त्याच घटकाची जुनी आवृत्ती येऊन नव्या आवृत्तीवर चढून बसली, की काल चालणारे तिसरेच सॉफ्टवेअर आज बंद पडे. या छळाला प्रोग्रॅमरांनी ‘डीएलएल हेल’ असे नाव दिले होते. त्या काळी घरी संगणक बाळगणाऱ्यांपैकी अनेकांनी हा नरक नाव माहीत नसतानाही भोगला आहे.

फेब्रुवारी २००२ मध्ये आलेल्या ‘डॉट नेट’ने चिठ्ठी डब्यावरच चिकटवली. घटकाचे नाव, आवृत्ती, त्यातील सर्व क्लास आणि तो ज्यांच्यावर अवलंबून आहे असे इतर घटक यांचे वर्णन कंपायलर त्या फाइलमध्येच लिहून ठेवतो. शिवाय प्रोग्रॅमरला स्वतःच्या चिठ्ठ्या जोडण्याची सोय दिली गेली. त्यांना ‘ॲट्रिब्यूट’ म्हणतात. सी-शार्प भाषेत त्या चौकटी कंसात लिहितात. पडद्यावरील फॉर्म आखण्याच्या साधनात जी गुणधर्मांची खिडकी दिसते, ती अशाच चिठ्ठ्या वाचून सजते. कोणता गुणधर्म कोणत्या गटात दाखवायचा, त्याखाली कोणते स्पष्टीकरण लिहायचे, कोणता मुळीच दाखवायचा नाही, हे सारे त्यांवर ठरते.

मात्र चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे. खिडकीतून लपवलेला गुणधर्म प्रोग्रॅममधून खुशाल बदलता येतो. त्याहून फसवी चिठ्ठी आहे ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ची. नावावरून वाटते, की ती गुणधर्माला प्रारंभीची किंमत देते. प्रत्यक्षात ती किंमत देत नाही; प्रारंभीची किंमत काय आहे, एवढेच आखणीच्या साधनाला सांगते. समजा, चिठ्ठीवर पाच लिहिले आहे आणि क्लास तयार होताना प्रत्यक्षात दहा भरले जातात. वापरणाऱ्याने खिडकीत पाच निवडले, की साधन म्हणते, ‘ही तर मूळचीच किंमत, वेगळी लिहून ठेवण्याचे कारण नाही.’ प्रोग्रॅम चालू होतो आणि दहा हजर! पडद्यावर पाच पाहिलेला माणूस चूक शोधत बसतो, आणि चूक त्याने लिहिलेल्या एकाही ओळीत नसते.

जावाच्या जगात आरंभी संकेतावर भर होता. १९९६ च्या अखेरीस जाहीर झालेल्या ‘जावाबीन्स’ या मानकानुसार क्रियेचे नाव ‘गेट’ किंवा ‘सेट’ने सुरू झाले, की त्यामागे गुणधर्म आहे असे समजायचे. वर्णनासाठी निराळा क्लास लिहिण्याची मुभा होती. पण ते कष्ट फारसे कुणी घेत नसे. चाचण्यांसाठी लोकप्रिय असलेल्या ‘जेयुनिट’मध्येही नाव ‘टेस्ट’ने सुरू होणारी क्रिया म्हणजे चाचणी, असा संकेत होता. टंकलेखनात एक अक्षर चुकले, तर ती चाचणी गुपचूप वगळली जाई आणि बाकीच्या उत्तीर्ण झाल्या म्हणून सारे समाधानी राहत. सप्टेंबर २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत ‘ॲनोटेशन’ आले, आणि २००६ च्या जेयुनिटने तेच स्वीकारले. आता चिठ्ठीच्या नावातील चूक कंपायलर पकडतो. ॲनोटेशन किती काळ टिकावे, हेही ठरवता येते: केवळ मूळ मजकुरात, कंपाइल झालेल्या फाइलपर्यंत, की प्रोग्रॅम चालू असतानाही. काहीच न सांगितल्यास ती फाइलमध्ये राहते, पण चालू प्रोग्रॅमला दिसत नाही. चिठ्ठी लावूनही कुणी वाचत कसे नाही, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

संकेताची खरी किंमत मात्र ‘स्प्रिंग’ या जावातील सर्वपरिचित चौकटीला मोजावी लागली. वेबपानावरील अर्जात भरलेली माहिती ती थेट ऑब्जेक्टच्या गुणधर्मांत उतरवते. अर्जातील रकान्याचे नाव आणि गुणधर्माचे नाव जुळले, की काम झाले. सोय मोठी, पण गुणधर्म कोणते, हे ‘गेट’ आणि ‘सेट’ पाहून ठरते. जावातील प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये ‘गेटक्लास’ नावाची क्रिया जन्मजात असते. त्यामुळे कुणीही न लिहिलेला ‘क्लास’ नावाचा गुणधर्म प्रत्येक घटकाला आपोआप चिकटतो! त्यातून ‘क्लासलोडर’पर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या अंतर्भागापर्यंत पोहोचता येते, हे २०१० मध्ये उघड झाले आणि ती वाट बुजवण्यात आली. बुजवताना मनाई केली ती एका ठराविक वाटेला. २०१७ मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीने क्लासला ‘गेटमॉड्यूल’ ही नवी क्रिया दिली. जावाच्या दृष्टीने ती निरुपद्रवी भर होती. पण संकेतानुसार ‘मॉड्यूल’ हा आणखी एक गुणधर्म जन्मला, आणि त्यातून क्लासलोडरकडे जाणारी दुसरी वाट उघडी झाली. स्प्रिंगच्या त्या भागातील एकही अक्षर त्यासाठी बदलावे लागले नाही.

मार्च २०२२ अखेर ही गोष्ट ‘स्प्रिंगफोरशेल’ या नावाने जगभर गाजली. टॉमकॅट सर्व्हरवर विशिष्ट रीतीने बसवलेल्या प्रोग्रॅमला नेमक्या नावांचे रकाने असलेला अर्ज पाठवला, की सर्व्हरच्या नोंदवहीची जागा आणि तिच्यातील मजकूर बदलता येई. मग नोंदवहीच्या जागी हल्लेखोराच्या आज्ञांची फाइल तयार होई. ३१ मार्च रोजी स्प्रिंगच्या सुधारित आवृत्त्या आल्या. या वेळी धोरण उलटे होते: मनाईची यादी वाढवण्याऐवजी, क्लासच्या गुणधर्मांपैकी केवळ नावाशी संबंधित असलेल्यांनाच परवानगी ठेवण्यात आली. प्रोग्रॅमरांसाठीही अर्जातून भरता येणाऱ्या रकान्यांची यादी स्वतः लिहून देण्याची सोय स्प्रिंगमध्ये आधीपासून होती. ती यादी लिहायला चार ओळी पुरतात.