फँटसी क्रिकेटमधला 'एक्सपर्ट' नेमका कोण? टीम विकणारा की हिशोब दाखवणारा?

८ एप्रिल २०२३. वानखेडेवर मुंबई विरुद्ध चेन्नई सामना होता. आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्द इथे जन्मलेला अजिंक्य रहाणे त्या दिवशी खेळणार, हे खुद्द रहाणेलाही टॉसच्या थोडं आधीपर्यंत माहीत नव्हतं. मोईन अलीची तब्येत बिघडली आणि ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतलेल्या रहाणेला संधी मिळाली. तिसऱ्या नंबरवर येऊन त्याने २७ चेंडूंत ६१ धावा ठोकल्या. अर्धशतक तर १९ चेंडूंतच झालं.

आता विचार करा, फँटसी क्रिकेटमधल्या जाणकाराला यातलं आधी काय कळू शकत होतं? टॉस झाल्यावर रहाणे अकरा जणांत आहे, हे कळत होतं. तो वरच्या क्रमांकावर येईल, म्हणजे त्याला भरपूर चेंडू खेळायला मिळतील, हा अंदाज बांधता येत होता. २७ चेंडूंत ६१ होतील हे मात्र जगात कोणालाच कळत नव्हतं. पहिल्या दोन गोष्टी पक्क्या करून घेणं आणि तिसरी आपल्या हातात नाही हे मान्य करणं, एवढंच या खेळातलं खरं ज्ञान आहे.

ज्यांनी कधी टीम लावली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडायचे. प्रत्येकाला क्रेडिटची किंमत असते आणि एकूण १०० क्रेडिटच्या आत बसवायचं असतं. धावा, विकेट, झेल यांचे गुण मिळतात. कॅप्टनचे गुण दुप्पट, व्हाईस कॅप्टनचे दीडपट. सगळा खेळ इथेच फिरतो. अकरापैकी नऊ नावं बहुतेकांची सारखीच असतात, फरक पडतो तो कॅप्टनमुळे.

म्हणून जाणकार माणूस 'मोठं नाव' पाहत नाही, काम पाहतो. टी-२० मध्ये एका संघाला १२० चेंडू मिळतात. सलामीवीराला त्यातले बरेच खेळता येतात, सहाव्या नंबरच्या नामांकित फलंदाजाला कधी कधी दहासुद्धा मिळत नाहीत. शेवटच्या षटकांत बॉलिंग करणारा धावा देतो, पण फलंदाज आडवेतिडवे मारत असतात म्हणून विकेटही त्यालाच मिळतात. नवा बॉल स्विंग होत असेल तर डावखुरा वेगवान गोलंदाज उजव्या फलंदाजाला कसा त्रास देतो, हे श्रीरामपूरच्या झहीर खानने आपल्याला वर्षानुवर्षं दाखवलंय. २०११ च्या वर्ल्डकपमध्ये त्याने २१ विकेट घेतल्या होत्या. रात्रीच्या सामन्यात दव पडलं की बॉल ओला होऊन फिरकीवाल्याच्या हातातून निसटतो, तेव्हा दुसऱ्या डावात टाकणाऱ्या फिरकीपटूला कॅप्टन करणं धाडसाचंच. आणि साडेसातच्या सामन्याचा टॉस सात वाजता होतो. दुपारीच 'फायनल टीम' टाकणारा एक्सपर्ट नाही, घाईत आहे.

पण पारखायचं कसं?

इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या फँटसी प्रीमियर लीगचं उदाहरण घ्या. खेळायला पैसे लागत नाहीत, जगभरातून एक कोटीहून जास्त लोक खेळतात आणि प्रत्येकाचा मागच्या हंगामांचा क्रमांक उघड दिसतो. तिथे कोणी स्वतःला जाणकार म्हणवलं की लोक आधी त्याचे मागचे पाच-सहा हंगाम बघतात. एखाद्या वर्षी नशिबाने कोणीही वर जातं, दरवर्षी नाही. फँटसीचा हा प्रकारच मुळात लांब पल्ल्याचा. १९८० मध्ये न्यूयॉर्कला डॅनियल ओक्रेंट या लेखकाने मित्रांबरोबर बेसबॉलची 'रोटिसरी लीग' सुरू केली, ती पूर्ण हंगामाची होती.

आपल्याकडच्या टेलिग्राम चॅनेलवर यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो जिंकलेल्या टीमचा स्क्रीनशॉट. एका स्पर्धेत वीस-वीस टीम लावलेल्या असतात, त्यातली वर आलेली एक दाखवायची, उरलेल्या एकोणीस गायब. हरलेल्या दिवसाची पोस्ट रात्रीतून डिलीट.

यापेक्षा हुशारीची एक युक्ती आहे, ती नीट समजून घ्या. समजा माझ्याकडे १,६०० नंबर आहेत. पहिल्या सामन्याला ८०० जणांना सांगितलं 'अ' जिंकणार, ८०० जणांना 'ब'. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून दिलं. उरलेल्या ८०० चे पुन्हा ४००-४०० केले. चार सामन्यांनंतर १०० माणसं अशी उरतात, ज्यांनी माझा अंदाज सलग चार वेळा बरोबर आलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. त्यांच्याकडून पाचव्या सामन्याचे ५०० रुपये मागितले तर ते देणार. क्रिकेटचं ज्ञान? शून्य.

घोडेगावच्या मार्केटात पुढच्या आठवड्यात कांद्याला काय भाव निघेल हे ज्याला खात्रीने माहीत आहे, तो ते ५०० रुपयांत विकत फिरेल का? आधी स्वतःची चाळ भरेल.

खरा जाणकारसुद्धा किती कमावतो?

समजा १०,००० जणांनी ५० रुपये भरले, जमा झाले ५ लाख. कंपनी आपला वाटा काढून ४ लाख २० हजार वाटते. म्हणजे सगळे सारखेच हुशार असते तरी सरासरी माणूस ५० मधले ८ रुपये हरूनच सुरुवात करतो. त्यात १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस. अमेरिकेत मॅकिन्सीने २०१५ च्या बेसबॉल हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागाचा हिशोब मांडला तेव्हा नफ्यातला ९१ टक्के वाटा अवघ्या १.३ टक्के लोकांकडे गेलेला आढळला. ते कॉम्प्युटरवर आकडेमोड करून शेकडो टीम लावणारे लोक होते. म्हणजे कौशल्य आहे, नाही असं नाही. मुंबई हायकोर्टानेही २०१९ मध्ये ड्रीम इलेव्हनच्या खेळाला कौशल्याचा खेळ मानलं होतं. फक्त ते कौशल्य पैसे भरणाऱ्या बहुतेकांकडे नसतं.

२०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम कौशल्याचा की नशिबाचा, हा फरकच या कायद्याने ठेवलेला नाही. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे 'नवीन ॲप आलंय, लिंकवरून डाउनलोड करा, आमचा एक्सपर्ट टीम देईल' असा मेसेज आला तर ते ॲप प्ले स्टोअरवर का नाही, एवढं विचारा.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि ते चॅनेल रागाने लगेच डिलीट करू नका, पोलिसांना त्याचं नाव आणि लिंक लागते.