न सांगितलेलें दुखणें

विवाह होऊन वर्षें लोटलीं, पतिपत्नींमध्यें प्रेमहि आहे, आणि तरीहि शरीरसंबंध घडूं शकत नाहीं. अशीं घरें पूर्वीं होतीं व आजहि आहेत. दोष मात्र बहुधा एकट्या स्त्रीच्या माथीं येतो. वस्तुतः हा तिचा हट्ट नव्हे; हें दुखणें आहे, आणि त्यालाहि इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेंत स्त्रियांचे वीस योनिरोग सांगितले आहेत; त्यांपैकीं ‘परिप्लुता’ या विकारांत समागमसमयीं तीव्र वेदना होतात, असें वर्णन आहे. पाश्चात्य वैद्यकांत ‘व्हॅजिनिस्मस’ हें नांव अमेरिकन शल्यवैद्य मॅरियन सिम्स यांनीं १८६१ सालीं लंडनच्या प्रसूतिवैद्यकांपुढें मांडलें. त्यांचा उपाय शस्त्राचा होता: छेद घ्यावयाचा आणि मग कांचेची नळी आंत ठेवावयाची. मनांतील भीतीचा विचार त्यांत नव्हता.

मुंबईस १८८६ सालीं कामा रुग्णालय उघडलें आणि स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांपुढें बोलण्याची सोय झाली. परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंत येण्यासाठींहि शब्द लागतात. ते शब्द मराठींत आणण्याचें काम रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं केलें. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें व जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांत उघड उत्तरें मिळत. त्याच उत्तरांवरून १९३४ सालीं अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीहि दंड झालाच. पण मासिक थांबलें नाहीं. १९५३ सालीं कर्वे वारले, त्या वर्षापर्यंत तें चालूं राहिलें.

आजचें वैद्यक सांगतें कीं, या विकारांत मार्ग अरुंद नसतो. त्याभोंवतालचे स्नायू इच्छेविरुद्ध आवळले जातात. पापणीजवळ बोट नेतांच डोळा मिटतो, तसेंच हें आहे. वेदनेची धास्ती, पूर्वीचा आघात, भीति घालणारें वळण हीं त्याचीं कारणें असूं शकतात; कधीं जंतुसंसर्गहि असतो, म्हणून आधीं तपासणी हवी. १९७० सालीं मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या ग्रंथानें पतिपत्नींवर एकत्र उपचार करण्याची पद्धति रूढ केली. शरीररचना समजावून सांगणें, स्नायू सैल सोडण्याचा सराव करविणें, आणि लहानापासून मोठ्या आकाराच्या नळ्या स्त्रीनें स्वतःच्या हातानें, स्वतःच्या गतीनें वापरणें, हा त्या उपचाराचा क्रम. २०१३ सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनीं वेदना व आकुंचन हे दोन्ही विकार एकाच सदरांत घातले. कारण प्रत्यक्षांत ते वेगळे काढणें कठीण असतें.

धीर धरला तर बहुसंख्य स्त्रिया यांतून बऱ्या होतात. बळजबरीनें मात्र दुखणें वाढतेंच. सुनेला बोल लावण्यापूर्वीं घरानें एवढें जाणलें, तरी अर्धा उपचार झाला.