ठिणगीची वेळ: मिरज-मनमाड ते ई-२०

ई-२० पेट्रोलमुळे मायलेज घटते का, या वादाचे अर्धे उत्तर इंधनात आहे आणि अर्धे ठिणगीच्या वेळेत.

पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लगची ठिणगी पडावी लागते, कारण ज्वाला पसरण्यास वेळ लागतो. ती फारच लवकर पडली, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन ठोके देते. इथेनॉल हे ठोके रोखते: त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर आहे आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना अल्कोहोलचा हा गुण ठाऊक होता. तरीही ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेडचा प्रभाव दिसला आणि जगाने विषारी शिसे स्वीकारले.

भारतात ‘पॉवर अल्कोहोल’ कायदा १९४८ मध्येच झाला होता. पण शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद होण्यास २००० साल उजाडले. पुढच्याच वर्षी मिरज आणि मनमाड येथे इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी येथे बंगळुरूत ई-२० चे उद्घाटन झाले.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी असते. म्हणून २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के तूट अटळ आहे. मात्र ऑक्टेन ९१ वरून ९५ वर गेल्याने, जिथे ठोक्यांच्या भीतीने ठिणगी उशिरा दिली जात होती, तिथे ती लवकर देता येते. संपीडन वाढवल्यास तुटीचा आणखी काही भाग भरून निघतो.

पूर्वी मिस्त्री डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग लावत. आज ते इंजिनाच्या संगणकातील तक्त्यात बंदिस्त आहे. नॉक सेन्सर असलेल्या गाड्या काही प्रमाणात स्वतः जुळवून घेतात. बहुतेक दुचाकींत तो नसतो. हाताने टायमिंग बदलणे हा उपाय नव्हे: उद्या कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले, तर ठोके परततील.

म्हणजे जुन्या दुचाकीच्या मालकाला ऊर्जेची तूट मिळते, ऑक्टेनचा लाभ मिळत नाही. शक्य असेल तिथे उत्पादकांनी सुधारित तक्ते द्यावेत, ही मागणी इथेनॉलविरोधी नाही. शंभर वर्षांपूर्वी हुकलेली संधी या वेळी पुरती साधावी, एवढाच तिचा अर्थ आहे.