आतड्याचा निरोप

धरणातून पाटाला पाणी सुटायचे असले म्हणजे पाटकऱ्याला अगोदर वर्दी द्यावी लागते. पाणी बांधापाशी येऊन ठेपल्यावर तो दारे उघडायला धावला, तर तोवर निम्मे शिवार वाहून जायचे! आपल्या देहातही अशीच व्यवस्था आहे. आपण भाकरीचा घास गिळतो, त्याची साखर होऊन ती रक्तात उतरते. ही साखर जिथल्या तिथे पोचवण्याचे काम स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन करते. पण साखर येत आहे, तयारीला लाग, अशी वर्दी स्वादुपिंडाला देतो कोण? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला उणीपुरी ऐंशी वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत आज आपणापुढे मांडायची आहे.

मधुमेह हा रोग आपल्याकडे जुनाच. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही संहितांत त्याचे वर्णन आहे. परंतु रोगाचे मूळ कोणत्या अवयवात आहे, हे पुष्कळ काळ कोणाला ठाऊक नव्हते. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने स्वादुपिंडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. समुद्रात बेटे असावीत तसे पेशींचे वेगळे पुंजके त्याला त्यात दिसले. त्यांचे काम काय, ते मात्र त्याला सांगता आले नाही. पुढे १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह जडला. रोगाचे घर सापडले ते असे.

आता आपण लंडनला जाऊ. साल १९०२, महिना जानेवारी. त्या काळी रशियातील पाव्हलॉव्ह या थोर शास्त्रज्ञाचे मत सर्वमान्य होते. पचनाचे सारे हुकूम मज्जातंतूंमार्फत सुटतात, असे ते मत. बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी ते पारखून पाहायचे ठरविले. गुंगी दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक भाग त्यांनी बांधून घेतला, त्याचे मज्जातंतू तोडले आणि त्यात थोडे आम्ल घातले. तार तुटलेली, मग संदेश जाणार कसा? पण स्वादुपिंडातून पाचकरस पाझरू लागला! मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडले, आम्लात घोटले आणि तो अर्क शिरेतून टोचला. तरीही रस पाझरला. निरोप तारेने नव्हे, रक्तातून जात होता. या निरोप्यांना स्टार्लिंगने १९०५ साली ‘हार्मोन’ हे नाव दिले. ज्या ग्रीक शब्दावरून ते आले, त्याचा अर्थ चालना देणे. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

आता कोणाच्याही मनात येईल, की जे आतडे पाचकरसासाठी निरोप धाडते, ते साखरेसाठीही धाडत असेल. तसे ते आलेही. १९०६ साली लिव्हरपूल येथे मूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या रोग्यांना आतड्याच्या अस्तराचा अर्क पाजून पाहिला. त्यातून भरवशाचे असे काही हाती लागले नाही. पुढे १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप यांनी इन्सुलिन हस्तगत केले, आणि मरणाच्या दारातली मुले उठून चालू लागली. साऱ्या जगाचे डोळे स्वादुपिंडाकडे लागले. आतड्याकडे पाहणारे थोडेच उरले. त्यांपैकी बेल्जियममधील ला बार याने, साखर खाली आणणारे काही तरी आतड्यात आहे असा आग्रह धरला आणि त्याला ‘इन्क्रेटिन’ असे नावही दिले. परंतु १९४० साली अमेरिकेतील आयव्ही आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून, असा पदार्थ असल्याचे दिसत नाही, असा निर्वाळा दिला. आयव्ही मोठ्या अधिकाराचा माणूस. झाले! विषय जवळजवळ पंचवीस वर्षे अडगळीत पडला.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. आयव्हीने लबाडी केली काय? मुळीच नाही. त्याच्या काळी रक्तातली साखर मोजता येई, पण रक्तातले इन्सुलिन नेमके मोजता येत नसे. गुंजभर सोने जोखायचे आणि हाती तराजू धान्याच्या वखारीतला! काटा हलला नाही म्हणून पारड्यात सोने नव्हतेच, असे कसे म्हणावे?

नाजूक तराजू घडविला तो न्यूयॉर्कमधील रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या जोडीने, १९६० च्या सुमारास. किरणोत्सारी खुणेच्या साह्याने रक्तातले अत्यल्प इन्सुलिनही त्यांना मोजता येऊ लागले. या कामासाठी यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच, १९७२ मध्ये, निवर्तले होते.

तराजू हाती येताच १९६४ साली लंडनमध्ये मॅकिंटायर यांनी आणि अमेरिकेत एल्रिक यांनी तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. ग्लुकोज एकदा शिरेतून दिले, एकदा पचनमार्गातून दिले, आणि दोन्ही वेळा इन्सुलिन मोजले. शिरेतून दिले की साखर रक्तात थेट जाते, तेव्हा इन्सुलिन जास्त सुटावे, असे कोणीही म्हणेल. घडले उलटेच! आतड्यातून गेलेल्या साखरेने इन्सुलिन कितीतरी अधिक सुटले. निरोगी माणसात जेवणानंतर सुटणाऱ्या इन्सुलिनपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक आतड्याच्या निरोपामुळे सुटते, असे पुढे दिसून आले. ला बारचे म्हणणे खरे ठरले.

मग निरोप्यांची नावेही कळली. जॉन ब्राउन यांनी १९७० च्या सुमारास जीआयपी हे संप्रेरक वेगळे केले. ते लहान आतड्याच्या वरच्या भागातून निघते. दुसरे जीएलपी-१, ते मुख्यतः आतड्याच्या खालच्या भागातून येते. १९८७ च्या सुमारास त्याची ओळख पटली. केवळ साखरच नव्हे, तर स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनेही या निरोप्यांना जागे करतात. यांचा गुण असा, की रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिनला जोर देतात. जीएलपी-१ तर जठरातले अन्न पुढे सावकाश जाऊ देते आणि भूकही शमविते.

मात्र त्याचे आयुष्य मिनिटा-दोन मिनिटांचे. त्याचे औषध करावे कसे? उत्तर मिळाले एका विषारी सरड्यापासून! अमेरिकेच्या वाळवंटातील गिला नावाच्या सरड्याच्या विषात जॉन एंग यांना १९९२ साली जीएलपी-१ सारखाच, पण पुष्कळ अधिक टिकणारा पदार्थ गवसला. त्यावरून तयार झालेल्या औषधाला २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हे एंग यॅलोबाईंच्याच प्रयोगशाळेत शिकलेले, हेही ध्यानात ठेवावे.

आपण म्हणाल, या विलायती कथेचा आमच्या ताटाशी संबंध काय? आहे तर! २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये ११ मधुमेही रुग्णांना तेच जेवण दोन तऱ्हांनी दिले. भाज्या आणि प्रथिने आधी अन् पाव नंतर, अशा क्रमाने खाल्ले तेव्हा साखर कमी चढली. प्रयोग लहान आहे, त्यावरून उड्या मारू नयेत. पण पालेभाजी आणि उसळ आधी खाऊन भात मागून घेण्याला पैसा लागत नाही. ज्यांना डॉक्टरांनी इन्सुलिन किंवा गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी मात्र अशा गोष्टी ऐकून औषध आपल्या मनाने सोडू नये. तसे करणे जिवावर बेतेल.

आणि वर्गातल्या मुलांना एवढे अवश्य सांगावे, की ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी एक नव्हेत. मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावरही ज्यांनी आपला प्रश्न जपून ठेवला आणि अधिक चांगला तराजू येताच तो पुन्हा पारड्यात टाकला, त्यांच्यामुळे आज कोट्यवधी रोग्यांच्या आयुष्याचा पाट सुरळीत वाहतो आहे.