झाप्फिनो : टाकाच्या फटकाऱ्यातून घडलेला फॉन्ट

लग्नपत्रिका, अत्तराचे खोके, मैफलीचे निमंत्रण अशा ठिकाणी लांब शेपट्यांची, उजवीकडे झुकलेली, जणू एका दमात टाकाने लिहिलेली रोमन अक्षरे दिसतात. पुष्कळदा तो फॉन्ट झाप्फिनो असतो. ॲपलच्या संगणकांवर तो आयता मिळत असल्याने त्याचा वापर अमाप झाला आणि गैरवापरही तितकाच.

त्याचे कर्ते हर्मन झाप्फ (१९१८-२०१५) हे न्यूरेम्बर्गमध्ये जन्मलेले जर्मन अक्षरकार. पॅलाटिनो आणि ऑप्टिमा हे त्यांचे फॉन्ट सर्वपरिचित आहेत; वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्ध स्मारकावरील नावे ऑप्टिमातच कोरलेली आहेत. रुडॉल्फ कॉख आणि एडवर्ड जॉन्स्टन यांची पुस्तके समोर ठेवून झाप्फ सुलेखन स्वतःच शिकले. महायुद्धात ते सैन्यात नकाशे काढत. १९४४ साली त्यांनी आपल्या वहीत सुलेखनाचे एक पान लिहिले. झाप्फिनोचे बीज त्या पानात आहे.

त्या पानाचा फॉन्ट होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, याचे कारण छपाईच्या तंत्रात होते. शिशाचा खिळा चौकोनी ठोकळ्यात बसवावा लागे. अक्षराची शेपटी शेजारच्या अक्षराखालून मोकळेपणी न्यायची सोय तिथे नव्हती. शिवाय एका अक्षराला एकच रूप. हाताने लिहिताना मात्र तेच अक्षर शब्दाच्या आरंभी वेगळे, मध्ये वेगळे आणि शेवटी आणखी वेगळे उतरते. झाप्फ यांनी धातूच्या खिळ्यांसाठी व्हर्चुओसा हा लेखणीवळणाचा टाइप केला, पण त्या चौकटीत त्यांना हात आखडता घ्यावा लागला. १९९३ मध्ये डेव्हिड सीगल या अमेरिकी तरुणाने, एकेका अक्षराची अनेक रूपे असलेला फॉन्ट करावा, असे त्यांना सुचवले. सीगल पुढे या कामातून बाहेर पडले. झाप्फ यांनी ते लायनोटाइप कंपनीकडे नेले आणि १९९८ मध्ये झाप्फिनो प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये अकिरा कोबायाशी यांच्या साहाय्याने त्याची विस्तारित आवृत्ती निघाली.

मराठी वाचकाला त्याचे यंत्र समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ टंकले की पडद्यावर ‘क्ष’ उमटतो. शेजार पाहून संगणक रूप बदलतो. देवनागरीला जी सोय वाचनीयतेसाठी अपरिहार्य आहे, तीच झाप्फिनोने रोमन लिपीत डौलासाठी वापरली. ॲपलच्या आवृत्तीत १,४०० हून अधिक अक्षररूपे आहेत, आणि फॉन्टचे स्वतःचे नाव रोमनमध्ये टंकले तर सातही अक्षरे मिळून एकच सलग आकृती होते.

वापराचे पथ्य याच रचनेतून निघते. सगळी अक्षरे कॅपिटल करू नयेत. प्रत्येक कॅपिटल अक्षर स्वतंत्र मिरवणूक काढते आणि शब्द हरवतो. अक्षरांतील अंतर कृत्रिमरीत्या वाढवू नये, कारण जोडरूपे तुटतात. वर-खाली पसरणाऱ्या फटकाऱ्यांना जागा हवी. परिच्छेदात एकच शब्द झाप्फिनोत घातला तरी ओळी फाकतात. देशपांडे हे आडनाव रोमनमध्ये लिहिले की डी, एच, पी, पुन्हा डी अशी उंच आणि खोल अक्षरे लागोपाठ येतात. वधूवरांची नावे त्यामुळे देखणी दिसतील, पण सभागृहाचा पत्ता, तारीख आणि वेळ साध्या फॉन्टातच द्यावी. पाहुणा चुकीच्या दारी गेला, तर पत्रिकेच्या सौंदर्याचे कौतुक कोणी करत नाही. कार्यालयीन सादरीकरणात तर हा फॉन्ट शक्यतो नकोच.

परदेशस्थ मराठी कुटुंबांची पत्रिका बहुधा द्विलिपी असते, आणि खरी अडचण तिथे येते. झाप्फिनोत देवनागरी अक्षरे नाहीत. (अरबी भाऊ मात्र त्याला लाभला आहे, नादीन शाहीन यांनी तो घडवला.) देवनागरी मजकुराला झाप्फिनो लावला, की संगणक काही न सांगता दुसराच फॉन्ट वापरतो आणि वर ‘श्री गणेशाय नमः’ कार्यालयीन परिपत्रकासारखे ठोकळेबाज दिसते. ओढूनताणून मेळ घालण्यातही अर्थ नाही, कारण देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट तिरका असतो. जाड-बारीक रेषांची जागाच बदलते. त्यापेक्षा दोन्ही लिपी एकाच घरातून घ्याव्यात. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हस्ताक्षराच्या वळणाचा आहे आणि त्यात देवनागरी व रोमन दोन्ही आहेत. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकलवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरला आहे. लग्नापेक्षा गणेशोत्सवाच्या किंवा नाटकाच्या फलकाला तो अधिक शोभतो.

हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत, त्यामुळे मंडळाच्या संकेतस्थळावरही बिनदिक्कत वापरता येतात. झाप्फिनोचे तसे नाही. आपल्या संगणकावर पत्रिका रचून छापणे वेगळे आणि फॉन्टची फाइल संकेतस्थळावर चढवणे किंवा छापखान्याला पाठवणे वेगळे. त्यासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. छापखान्याला मजकूर पाठवताना अक्षरांचे रेखाकृतींत रूपांतर करून पीडीएफ द्यावी.